दुर्बिणींची जोडगोळी

कोल्हापुरात पावसाळाभर आकाश बहुतेक झाकलेलंच. उरलेल्या महिन्यांत बिनचांदण्याच्या रात्री त्या कितीशा? म्हणून तेजोमेघांचे फोटो काढणारे काही हौशी लोक एकाच बैठकीवर सारख्या दोन दुर्बिणी शेजारी-शेजारी बसवतात. दोन्हींना कॅमेरे. एका तासात दोन तासांचा प्रकाश गोळा! नंतर संगणकावर सगळे फोटो एकावर एक रचायचे.

खरी मेहनत आहे ती जुळणीत. दोन्ही नळ्या एकाच ताऱ्यावर रोखायच्या. वजन असं तोलायचं, की पकड सैल केली तरी डोलारा हलू नये. शिवाय बैठकीचा अक्ष आकाशाच्या उत्तर ध्रुवाकडे हवा, नाहीतर ताऱ्यांच्या रेघोट्या उमटतात. इथंच आपली पंचाईत होते! कोल्हापूरचा अक्षांश सुमारे १७, म्हणून ध्रुवताराही क्षितिजापासून तेवढाच वर. हात लांब करून मुठीवर मूठ ठेवा. दोन मुठीसुद्धा भरत नाहीत. शेजारची इमारत त्याला सहज गिळते. तेव्हा गच्ची निवडताना आधी उत्तर बघा.

आणि जोडीवरच थांबायचं कशाला? अमेरिकेतल्या ‘ड्रॅगनफ्लाय’मध्ये शास्त्रज्ञांनी सामन्यांचे फोटो काढायची टेलिफोटो भिंगं एकत्र बांधली, आधी आठ, पुढे ४८. त्यातल्या पहिल्या आठांनीच कोमा दीर्घिकासमूहातल्या ४७ अतिअंधुक दीर्घिका दाखवल्या, २०१५ साली.