शेवट कोणाच्या मालकीचा?

दूरचित्रवाणीवरील एखादी लोकप्रिय मालिका संपली की दोन-चार दिवस गावोगाव तिच्या शेवटाचीच चर्चा चालते. श्रीवर्धन तालुक्यातील बोर्ली पंचतन हे गावही त्याला अपवाद नाही. बाजारपेठेत, एस. टी.च्या थांब्यावर, सुपारीच्या वाडीत काम करता करता नायिकेला न्याय मिळाला की नाही, कथानक घाईघाईने गुंडाळले की कसे, याचा खल होतो. कोणी हळहळतो, कोणी संतापतो. शहाणीसुरती म्हणवणारी मंडळी या साऱ्याकडे पाहून हसतात. खोट्या माणसांसाठी खरे अश्रू कशाला, असा त्यांचा सवाल असतो. हा सवाल वरवर बिनतोड वाटला, तरी या प्रतिक्रियेमागील अर्थकारण ध्यानात घेतले की तो तितकासा बिनतोड राहत नाही.

या प्रतिक्रियेचे सर्वांत बोलके उदाहरण 1988 सालचे आहे. रामानंद सागर यांची ‘रामायण’ ही मालिका 25 जानेवारी 1987 रोजी दूरदर्शनवर सुरू झाली. आधी 52 भागांची ठरलेली ही मालिका लोकप्रियतेमुळे 78 भागांपर्यंत वाढली आणि 31 जुलै 1988 रोजी रामराज्याभिषेकाच्या टप्प्यावर थांबली. उत्तरकांड त्यात नव्हते. हा शेवट जालंधरच्या सफाई कामगारांना मान्य झाला नाही. वाल्मीकींना आपले आद्यपुरुष मानणाऱ्या या समाजाच्या दृष्टीने, ज्या कांडात वाल्मीकी स्वतः कथेत वावरतात, सीतेला आश्रय देतात आणि लव-कुशांना वाढवतात, तेच कांड गाळले जात होते. कामगारांनी संप पुकारला, उत्तर भारतातील इतर शहरांतही त्याचे लोण पोहोचले आणि उत्तरकांडावरील भाग पुढे प्रसारित झाले. एरवी ज्यांचे मत कोणी विचारीत नाही, अशा माणसांनी एका कथेचा शेवट बदलून घेतला. ते केवळ करमणुकीसाठी भांडले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आपल्यालाही या कथेत स्थान आहे, एवढेच त्यांना सांगायचे होते.

आता याची सांगड अर्थशास्त्राशी घालू. अल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञाने 1970 साली असा सिद्धान्त मांडला की, माल बिघडला तर ग्राहकापुढे दोन मार्ग असतात. एक, दुसऱ्या दुकानी जाणे. दुसरा, त्याच दुकानी उभे राहून तक्रार करणे. निष्ठा असलेला ग्राहक चटकन निघून जात नाही, तो बोलून दाखवतो. मालिका चालू असते तोवर नाराज प्रेक्षकाला वाहिनी बदलता येते. परंतु अखेरचा भाग संपल्यावर निघून जाणार तरी कोठून? पहिला मार्ग तेथे आपोआप बंद होतो आणि बोलणे तेवढे उरते. म्हणून शेवटावरचा संताप हा अडाणीपणा नव्हे. ज्याने वर्षानुवर्षे रोजचा अर्धा तास दिला, त्याच्या हाती उरलेले ते एकमेव साधन आहे.

हे बोलणे ऐकतो कोण, हा खरा प्रश्न आहे. खासगी वाहिनीच्या व्यवसायात प्रेक्षक हा दीर्घकाळ ग्राहक नव्हताच. ग्राहक होता जाहिरातदार आणि प्रेक्षकाचे लक्ष हा त्याला विकला जाणारा माल होता. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचा भाव ठरताना सुपारीला कोणी विचारीत नाही, तशीच ही स्थिती. फेब्रुवारी 2019 पासून वाहिनीनिहाय किंमत मोजण्याची पद्धत आली आणि प्रेक्षक उघडपणे ग्राहक झाला. पैसे मोजण्याचे कर्तव्य त्याच्याकडे आले, मात्र त्याबरोबर बोलण्याचा हक्क आला नाही.

मोजदादीची कथा याहून वेगळी नाही. ग्रामीण भागातील प्रेक्षकसंख्येचे आकडे ‘बार्क’ या संस्थेने प्रथम ऑक्टोबर 2015 मध्ये दिले. त्यापूर्वी बोर्ली पंचतनसारख्या गावाने काय पाहिले आणि काय नाकारले, याला हिशेबात जवळजवळ स्थानच नव्हते. 2020 साली देशातील सुमारे 21 कोटी दूरचित्रवाणी-घरांपैकी सुमारे 44 हजार घरांत मापके होती, म्हणजे पावणेपाच हजार घरांमागे एक. नमुना-पाहणीच्या शास्त्रात हे प्रमाण त्याज्य नाही. तथापि मापक केवळ कोणती वाहिनी घरातील कोणी किती वेळ पाहिली, एवढेच सांगते. माणसे रागाने पाहत होती की आवडीने, हे त्याला कळत नाही.

त्याच वर्षी टाळेबंदीत ‘रामायण’ पुन्हा दाखवले गेले. मुंबईहून परतलेले चाकरमानी आणि गावची मंडळी कोकणातील घराघरांत एकत्र बसून ते पाहत होती. 18 एप्रिलला ते संपले आणि दुसऱ्याच दिवशी उत्तरकांडाचे भाग सुरू झाले. या वेळी त्यासाठी कोणाला संप करावा लागला नाही, जालंधरची ती कमाई होती. पुढे 3 जून रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगडचा किनारा झोडपला. श्रीवर्धन तालुक्यात सुपारी-नारळाच्या वाड्या आडव्या झाल्या आणि कित्येक दिवस, काही ठिकाणी कित्येक आठवडे, वीज नव्हती. मापकाच्या लेखी अंधारातले घर आणि नापसंतीने संच बंद केलेले घर सारखेच. आकड्यांवर विसंबून लोकमत जाणण्याची मर्यादा याहून स्पष्ट काय असावी?

प्रेक्षकांच्या मागणीनुसार शेवट लिहावा, असा याचा अर्थ नव्हे. लेखकाचे स्वातंत्र्य गेले तर कथाही गेली. परंतु आज लेखकावर अधिकार चालतो तो प्रेक्षकाचा नव्हे, साप्ताहिक आकड्यांचा. आकडे चढले की कथानक ताणायचे, उतरले की आवरते घ्यायचे, या व्यवहारात लेखक आणि प्रेक्षक दोघेही गमावतात. यावर उपाय फार अवघड नाहीत. मालिकेची भागसंख्या आरंभीच जाहीर करावी आणि वाढवायची झाल्यास तसे सांगावे. ग्रामीण प्रेक्षकांचे आकडे जिल्हावार व सर्वांना पाहता येतील असे खुले असावेत. सह्याद्रीसारख्या सार्वजनिक वाहिनीने तरी गावोगावच्या प्रेक्षकांची मते मागवून ती प्रसिद्ध करण्याचा पायंडा पाडावा.

बोर्ली पंचतनच्या एस. टी. थांब्यावर शेवटाविषयी चालणारी ती चर्चा हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आपला वेळ, आणि आता आपले पैसेही, देणाऱ्या नागरिकांची ती रास्त तक्रार आहे. ती नोंदवून घेण्यासाठी प्रत्येक वेळी शहराचा कचरा रस्त्यावर साचावा लागू नये.