डागडुजीची मीमांसा

आमच्या घरी 2004 सालची एक डिझेल पिकअप आहे. टोमॅटो आणि कांदा बाजार समितीत नेण्यासाठी वडिलांनी ती घेतली; ते गेल्यावर थोरला भाऊ ती चालवतो. हौद्याचा पत्रा दोनदा बदलला आहे, मागचा फाळका मूळचा नाही, आणि कमानीचे पाटे किती वेळा बदलले याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. गेल्या हिवाळ्यात ही गाडी सकाळी सुरू होईनाशी झाली. दादाने ती तालुक्याच्या एका मोठ्या कार्यशाळेत नेली. तिथे सांगण्यात आले की फ्युएल पंप गेला आहे, तो नवा टाकावा लागेल, आणि इतक्या जुन्या गाडीवर एवढा खर्च करण्यापेक्षा ती भंगारात काढलेली बरी. दादा जवळजवळ तयार झाला होता. मी सुट्टीत गावी होतो, म्हणून केवळ मनाच्या समाधानासाठी आम्ही ती वडिलांच्या वेळच्या मिस्त्रींकडे नेली.

मिस्त्रींनी बॉनेट उघडण्याआधी एकच प्रश्न विचारला : “सर, दुपारी कधी अडते का?” दुपारी ती कधीच अडत नव्हती. एकदा सुरू झाली की दिवसभर विनातक्रार चाले. “मग पंप कशाला जाईल? रात्री एअर घेते,” ते म्हणाले. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत डिझेल ओढले जाते, ढकलले जात नाही. त्यामुळे त्या भागात सांधा ढिला असला तरी डिझेल बाहेर ठिबकेलच असे नाही. उलट बाहेरची हवा आत शिरते. गाडी रात्रभर उभी राहिली की नळीतले डिझेल हळूहळू टाकीकडे परतते आणि सकाळी पंपाच्या वाट्याला हवा येते. मिस्त्रींनी फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारला. आधी फेसाळ डिझेल आले, मग बुडबुडे विरळ झाले, आणि स्वच्छ धार लागताच त्यांनी स्क्रू आवळला. दोष एका तांब्याच्या वायसरात होता. वर्षानुवर्षे दाबला जाऊन तो कडक झाला होता. तो त्यांनी ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवला आणि पाण्यात टाकला. पोलाद असे विझवले तर कडक होते, तांबे मात्र मऊ होते. तोच वायसर पुन्हा बसला, आणि गाडी अजून चालू आहे.

हा प्रसंग साहित्याच्या व्यासपीठावर सांगण्याचे कारण असे, की मिस्त्रींनी जे केले त्याला आपल्या परिभाषेत ‘वाचन’ म्हणतात, आणि कार्यशाळेत जे झाले ते आपल्या वर्गांत बऱ्याचदा होते. लक्षण दिसले की त्यावर तयार निदान लावायचे, कृती समजून घेण्याआधीच तिचे मूल्यमापन उरकायचे, ही सवय आपल्याला नवी नाही. मिस्त्री विसंगतीपाशी थांबले : सकाळीच का, दुपारी का नाही? काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त, निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडते आहे किंवा पाणी शिरले आहे, हे चिन्हांचे वाचन त्यांना पाठ आहे. पण त्यातले कोणतेही चिन्ह ते एकटे घेत नाहीत. संदर्भ तपासल्याशिवाय अर्थ लावायचा नाही हा नियम आम्ही फळ्यावर लिहितो, ते पाळतात.

माझे म्हणणे मात्र ‘कारागीरही वाचक असतो’ एवढ्यावर संपत नाही. आपल्या साहित्यविचाराने निर्मितीला जे स्थान दिले ते देखभालीला कधीच दिले नाही, आणि ही केवळ विस्मृती नाही, असे मला वाटते. प्रतिभा, नवोन्मेष, परंपरेशी विद्रोह हे आपले आवडते शब्द आहेत. टिकवणे, सांभाळणे, झिजलेले ओळखून तेवढेच बदलणे, यांसाठी आपल्याकडे गौरवाचा शब्द नाही. ‘जीर्णोद्धार’ हा भारदस्त शब्द आहे खरा, पण तो देवळासाठी राखीव आहे. घराची होते ती डागडुजी.

वास्तविक मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील एक मोठी घटना ही डागडुजीचीच आहे. ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये, म्हणजे इ. स. 1290 मध्ये सिद्ध झाली. पुढे जवळजवळ तीन शतकांत तिच्या प्रतींत अपपाठ शिरले. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 च्या सुमारास, एकनाथांनी तिचा पाठ शुद्ध केला. भागवत रचणाऱ्या समर्थ कवीने इथे स्वतःचे काही घातले नाही, आणि पुढच्यांनीही आपली भर घालू नये असा इशारा दिला. स्वतःला बाजूला ठेवण्याचा हा संयम दुरुस्तीचा प्राण आहे. परीक्षेत आपण नाथांवर प्रश्न विचारतो ते भागवताचे आणि भारुडांचे. पाठशुद्धीला एखाद्या वाक्याची नोंद पुरते.

पाश्चात्त्य साहित्यात हा विषय गांभीर्याने मांडणारे पुस्तक म्हणून रॉबर्ट पर्सिग यांच्या 1974 सालच्या ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ची आठवण होते. त्यात निवेदकाच्या मित्राच्या महागड्या मोटरसायकलचे हँडल घसरत असते. निवेदक सुचवतो की बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी आत सरकवू, ॲल्युमिनियम मऊ असते, काम चोख होईल. मित्र दुखावतो, कारण त्याला पट्टीत धातूचा गुणधर्म दिसत नाही, रिकामा डबा दिसतो. आमच्या मिस्त्रींचा तापवलेला वायसर पाहून दादाच्या चेहऱ्यावर क्षणभर हाच भाव आला होता. त्याला भंगार दिसत होते, मिस्त्रींना तांबे.

आता पर्सिग यांच्याकडून आपण किती घ्यावे, हा प्रश्न आहे. त्यांचा निवेदक स्वतःच्या मालकीची गाडी, सवडीने, प्रवासात दुरुस्त करतो आणि तत्त्वचिंतन करतो. आपल्याकडे दुरुस्ती ही निवड नव्हती, ती जन्माने पदरी आली. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (1915) या ग्रंथाचे शीर्षकच पाहा : गाव हा गाडा आहे. पण तो चालता कोण ठेवी? सुतार, लोहार, चांभार असे बलुतेदार वर्षभर कुणब्याची अवजारे नीट करून देत आणि सुगीला धान्याच्या रूपाने बलुते घेत. आजच्या भाषेत तो वार्षिक देखभालीचा करारच होता. फरक एवढाच, की तो मोडण्याची मुभा कारागिराला नव्हती. नांगर धरणाऱ्याला मान आणि फाळ शेवटणाऱ्याला दारातला वाटा, ही उतरंड आपल्या अभिरुचीतही उतरली असणार. देखभालीला गौरवाचा शब्द का नाही, याचे उत्तर मला सौंदर्यशास्त्रापेक्षा इथे अधिक सापडते. म्हणून डागडुजीचे गोडवे गाताना सावध राहिले पाहिजे. ज्याच्या नखांतले काळे ऑइल कधी निघत नाही त्याच्या श्रमाला ‘ध्यान’ म्हणणे सोपे आहे; त्याच्या मुलाला तो धंदा का नको आहे, हे विचारणे अवघड आहे. मिस्त्रींचा मुलगा पुण्यात नोकरी करतो, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार मला तरी नाही.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. जुने डिझेल इंजिन हवा दूषित करते, आणि वय झालेल्या गाड्या रस्त्यावरून जाव्यात यासाठी 2021 साली केंद्र सरकारने भंगार धोरण आणले. त्यामागचे कारण खरे आहे. आमच्या गाडीच्या चासीला उद्या तडा गेला, तर तिला वेल्डिंगने रेटणे हा मूर्खपणाच ठरेल. ते मिस्त्रीच पहिल्यांदा सांगतील. काय वाचवू नये, हे त्यालाच कळते ज्याला काय वाचवता येते हे ठाऊक आहे. माझी तक्रार गाडी मोडीत काढण्याविषयी नाही, न वाचता मोडीत काढण्याविषयी आहे. एका वायसरापायी पंप बाद, पंपापायी गाडी बाद, हे पर्यावरणाचेही हित नव्हे. नव्या गाड्यांत दोष शोधायला संगणक जोडावा लागतो, आणि ती किल्ली कोणाच्या हाती असावी हा वाद जगभर चालू आहे. आपल्याकडेही ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. ज्या वस्तूचे झाकण उघडता येत नाही ती वस्तू आपण वापरतो, वाचत नाही.

राहिला भाषेचा मुद्दा, आणि तो तर थेट आपल्या अंगणातला आहे. ‘मिस्त्री’ पोर्तुगीजांकडून आला, ‘दुरुस्त’ फारसीतून. हत्तीवरचा ‘हौदा’ ट्रकवर चढला, ‘क्लीनर’चा ‘किन्नर’ झाला, ‘वॉशर’चा ‘वायसर’. ‘गाडी एअर घेते’ या तीन शब्दांत क्रियापद कसे नेमके बसले आहे! ही परिभाषा कोणत्याही समितीने घडवली नाही, आणि ती नोंदवण्याची तसदीही आपण क्वचितच घेतली. बैलगाडीची आस, आरे, धाव हे शब्द गाडीबरोबर जाताना आपण पाहिले आणि नंतर त्यांच्यावर हळवे लेख लिहिले. गॅरेजच्या मराठीवर तसे लेख लिहिण्याची वेळ फार दूर नाही.

म्हणून मराठीच्या प्राध्यापक मित्रांना एक विनंती आहे. पुढच्या वर्षी एम. ए.च्या विद्यार्थ्यांना प्रकल्प देताना दोघा-तिघांना तरी गावातल्या गॅरेजवर महिनाभर बसवा. शब्द गोळा करू द्या, पण त्याआधी मिस्त्री काम करताना काय विचारतात ते ऐकू द्या. “दुपारी कधी अडते का?” हा प्रश्न ज्याला सुचेल, तो कविताही बरी वाचेल असा माझा विश्वास आहे.