हरकत घेण्याची भाषा

मराठी समीक्षेने कथा-कवितेपलीकडच्या गद्याकडे फारसे पाहिलेले नाही. वृत्तपत्रांचे अग्रलेख, भाषणे, पत्रव्यवहार यांचा विचार अधूनमधून होतो. परंतु आपल्या दैनंदिन जगण्यावर ज्या गद्याचा सर्वाधिक परिणाम होतो, ते महापालिकेचे गद्य मात्र आपण वाचतच नाही. विकास आराखड्याचा अहवाल, आरक्षण बदलाची जाहीर सूचना, सर्वसाधारण सभेचा ठराव हे सारे मराठीत छापले जाते, आणि तरीही ते आपल्यासाठी लिहिलेले नाही असे आपण गृहीत धरतो. हे गृहीतक महाग पडते, असे मला वाटते.

पुण्याचे उदाहरण घेऊ. शहराच्या जुन्या हद्दीचा २००७ ते २०२७ या काळासाठीचा प्रारूप विकास आराखडा २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यावर सुमारे ८७ हजार हरकती व सूचना आल्या. मार्च २०१५ मध्ये राज्य शासनाने तो आराखडा महापालिकेच्या हातून काढून घेतला आणि विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मंजुरी मिळाली ती जानेवारी २०१७ मध्ये, म्हणजे आराखड्याची निम्मी मुदत सरल्यावर. ८७ हजार हा आकडा लोकशाहीच्या दृष्टीने दिलासा देणारा आहे. पण या हरकतींतून या शहराच्या गरजांचे, भीतीचे आणि स्वार्थाचेही जे चित्र उभे राहिले असेल, त्याची दखल आपल्या वाङ्मयीन व्यवहाराने कितीशी घेतली?

आता या गद्याच्या घडणीकडे पाहू. त्याचा पहिला विशेष म्हणजे कर्त्याचा लोप. 'वगळण्यात येत आहे', 'समाविष्ट करण्यात येत आहे' या क्रियापदांना करणारा कोणी नसतो. दुसरा विशेष शब्दांच्या निवडीचा. नगररचना अधिनियम १९६६ चा. त्याच्या कलम १२७ नुसार, आरक्षित जमीन आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत संपादित झाली नाही, त्यानंतर मालकाने नोटीस बजावली आणि पुढच्या २४ महिन्यांतही प्रशासनाने संपादनाची पावले उचलली नाहीत, तर ते आरक्षण 'व्यपगत' होते. मालकाला अनंतकाळ टांगून ठेवू नये, हा या तरतुदीमागचा हेतू न्याय्यच आहे. परंतु 'व्यपगत' या शब्दात ते मैदान किंवा ती शाळा जणू वार्धक्याने आपोआप निवर्तली असे सूचित होते. बारा वर्षे पैसे कोणी ठेवले नाहीत, प्रस्ताव कोणी मांडला नाही, हे प्रश्न त्या एका तत्सम शब्दाआड नाहीसे होतात. तसेच कलम ३७ चे. आराखड्याचे मूळ स्वरूप न बदलणाऱ्या बदलाला 'किरकोळ फेरबदल' म्हणतात आणि त्यावर हरकत घेण्यास एक महिना मिळतो. संपूर्ण शहराच्या नकाशावर एक भूखंड किरकोळच असतो. त्या भूखंडाशेजारी राहणाऱ्या मुलांच्या दृष्टीने तो तसा असेलच असे नाही.

ही भाषा तांत्रिक असणे अपरिहार्य आहे, असा आक्षेप येईल. तो अंशतः मान्य करावा लागेल. चटई क्षेत्र निर्देशांकाला घरगुती प्रतिशब्द नाही. पण तांत्रिक असणे आणि निवड लपवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नगरपालिकेचा प्रत्येक निर्णय म्हणजे दोन इष्ट गोष्टींमधील निवड असते, आणि ही निवड साध्या शब्दांत मांडता येते. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या स्वागतावर एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा त्यांनी विरोध केला आणि ती रक्कम गरिबांच्या शिक्षणासाठी वापरावी असे सुचवले. मंडईची खर्चिक इमारत उभारण्यालाही त्यांचा विरोध होता. ती इमारत १८८६ मध्ये उभी राहिली, पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिला फुल्यांचेच नाव दिले गेले, आणि आज ती शहराचे भूषण मानली जाते. म्हणजे मंडईच्या बाबतीत इतिहासाने त्यांना चूक ठरवले असेही कोणी म्हणेल. परंतु मुद्दा बरोबर-चूक हा नाही. हा पैसा इकडे गेला तर तिकडे जाणार नाही, हे त्यांनी सभागृहात बोलून दाखवले. म्हणूनच दीडशे वर्षांनंतरही आपण त्या निर्णयावर वाद घालू शकतो.

असे बोलण्याची जागा अलीकडे किती सहज रिकामी राहू शकते, तेही आपण पाहिले. मार्च २०२२ मध्ये पुणे व मुंबई महापालिकांच्या सभागृहांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ मधील निवडणुकांपर्यंत कारभार प्रशासकांकडे होता. जवळजवळ चार वर्षे ठराव होत राहिले, पण त्यांवर वाद घालणारे निर्वाचित सदस्य नव्हते. कर्ता नसलेल्या वाक्यांना साजेशीच ही व्यवस्था होती.

राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांची १८ कार्ये आहेत. नगररचना, जमीन-वापराचे नियमन, उद्याने व क्रीडांगणे यांच्याबरोबरच सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींचे संवर्धनही त्यात आहे. तेव्हा हा विषय आपल्या कक्षेबाहेरचा नाही. पदवीच्या वर्गात व्यावहारिक मराठी शिकवताना आपण अर्ज आणि इतिवृत्ताचे नमुने देतो. त्याच तासाला आपल्याच प्रभागाची एक जाहीर सूचना फळ्यावर लिहावी. या वाक्याचा कर्ता कोण, लाभ कोणाला, वगळले काय, आणि उत्तर देण्याची मुदत किती, हे विद्यार्थ्यांना शोधू द्यावे. मग त्यांना त्या सूचनेवर एक पानी हरकत लिहायला सांगावी. मुदत उरली असेल, तर ती दाखलही करावी.

'काही हरकत नाही' हे आपण दिवसातून दहा वेळा सौजन्याने म्हणतो. ज्या ठिकाणी कायदाच आपल्याला हरकत विचारतो, तिथे हे सौजन्य परवडणारे नाही.