कुत्री मारून कमी होत नाहीत

मोहफुलांच्या हंगामातली गोष्ट. सकाळी दवाखाना उघडतो न उघडतो तोच एक बाई सात-आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. पहाटे मोह वेचायला निघाला असता पोटरीला कुत्र्याने चावले होते. जखमेत हळद आणि चुना ठासून भरलेला. तो साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन काढला आणि लस व सिरम यांसाठी पोराला सरकारी रुग्णालयात धाडले. पोर बचावले. पण त्याच्यासोबत आलेली चार माणसे वेगळ्याच तयारीत होती. "डॉक्टरसाहेब, काही औषध सांगा, सगळी कुत्री एकदाच संपवून टाकतो."

हा प्रश्न मला नवा नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी याच भागातल्या एका गावात कुत्र्यांना विष घातले गेले. मला ते आधी कळले होते. औषध मी सांगितले नाही, पण "असे करू नका" असेही म्हणालो नाही. त्याच सुमारास त्या गावातला एक रेबीजचा रुग्ण मी पाहिला होता. पाण्याचा पेला ओठांजवळ नेताच त्याच्या घशाला येणारा आचका डोळ्यांसमोरून हटत नव्हता, म्हणून गप्प राहिलो. वीस-बावीस कुत्री मेली. त्यात दोघांच्या राखणीची कुत्री होती आणि एका गरीब बाईची शेळीही. दिवाळीपर्यंत गावात पुन्हा तितकीच कुत्री झाली! फरक एवढाच, की ही नवी कुत्री कोणाच्याच ओळखीची नव्हती आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांवर जास्त धावत होती.

यात नवल काही नाही. बाजाराच्या दिवशी कोंबडीच्या दुकानामागे टाकलेली आतडी आणि लग्नानंतरच्या पत्रावळी जोवर आहेत, तोवर तेथे कुत्री राहणारच. जुनी मेली की शेजारच्या मोहल्ल्यातली येतात. एक मादी वर्षातून दोनदा वितेे तेव्हा चार-सहा पिल्ले होतात. त्या वेगापुढे काठी आणि विष पुरे पडत नाही.

मुंबईने हा धडा फार महागात घेतला. १८३२ साली इंग्रज सरकारने कुत्र्यामागे आठ आण्यांचे बक्षीस लावले, तेव्हा पारशी मंडळी रस्त्यावर उतरली आणि दंगल झाली. तरी मारणे पुढे चालूच राहिले. ते थांबले १९९४ मध्ये. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षे मारूनही कुत्री संपली नाहीत. त्यानंतर महापालिका आणि 'वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज'सारख्या संस्थांनी नसबंदी हाती घेतली. २०१४ च्या गणनेत मुंबईत सुमारे ९५ हजार भटकी कुत्री होती, २०२४ च्या गणनेत ती सुमारे ९० हजार भरली. घट थोडी आहे हे मान्य, पण शहर वाढत असताना कुत्री वाढली नाहीत, हे विसरू नये.

'निवारा केंद्र' म्हटले की आपल्या लोकांना कोंडवाडा आठवतो. कुत्री पकडा, कोंडा, आपण मोकळे! ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील सगळी कुत्री निवाऱ्यात हलवण्याचा आदेश दिला आणि अकराच दिवसांत तो बदलून, पिसाळलेली व आक्रमक कुत्री सोडून बाकीची नसबंदी-लसीकरणानंतर जागच्या जागी सोडावीत असे सांगितले. लाखो कुत्र्यांना जन्मभर पोसणे कोणत्याच नगरपालिकेला परवडणारे नाही. आणि जागा भरली की पुढे काय? अमेरिकेत १९७० च्या दशकात निवाऱ्यांतून दरवर्षी कोटीच्या वर कुत्री-मांजरे इंजेक्शन देऊन मारली जात; आज तो आकडा दहा लाखांच्या आत आला आहे. नसबंदी स्वस्त झाली, दत्तक घेणारे वाढले, म्हणून हे घडले. नुसते पिंजरे वाढवून घडले नसते.

माझ्या मते निवारा म्हणजे शस्त्रक्रियेचे घर असावे. कुत्रे आणायचे, शस्त्रक्रिया करायची, रेबीजची लस द्यायची, कानाला खूण करायची, जखम भरेपर्यंत ठेवायचे आणि त्याच गल्लीत परत सोडायचे. ते आपला भाग राखते, बाहेरच्यांना शिरू देत नाही. जखमी कुत्री आणि टाकून दिलेली पिल्ले मात्र तेथेच राहावीत आणि घरे शोधून द्यावीत. जे बरे होणारच नाही, वेदनेने तळमळते आहे, त्याला पशुवैद्यकाने शांतपणे मरण द्यावे. याला माझा विरोध नाही आणि कायद्याचाही नाही.

गोव्याकडे पाहा. तेथे २०१३ पासून 'मिशन रेबीज'ची पथके जाळी घेऊन गल्लोगल्ली फिरली, शंभरातील सत्तर कुत्र्यांना लस हे धोरण ठेवले. २०१८ पासून तीन वर्षे एकही माणूस रेबीजने दगावला नाही आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर झाले. हे काम निवाऱ्यात बसून झालेले नाही.

आमच्या सालेकशाला मोठा निवारा नको. गोंदियाला एक चांगले केंद्र हवे आणि तेथली गाडी महिन्यातून एकदा सालेकसा, दरेकसा, आमगावकडे यावी. २००१ च्या आणि आता २०२३ च्या नियमांनी ही जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली आहे. पण सगळा दोष संस्थांना देऊ नये. मादी पिल्ले पोत्यात भरून रेल्वे फाटकाजवळ सोडणारे आपणच असतो. 'नर पाहिजे, मादी नको' म्हणणारे सुशिक्षित लोकही मला माहीत आहेत.

त्या चार माणसांना मी अर्धा तास बसवून हे सारे सांगितले. दोघांना पटले, एकजण चिडून निघून गेला. चौथ्याने विचारले, "आमच्या घरच्या कुत्रीची नसबंदी होईल का?" त्याला पशुवैद्यकीय दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली आणि मुलाच्या पुढच्या लसीच्या तारखा, तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस, त्याच्या आईच्या हाती कागदावर लिहून दिल्या.