चोपण जमिनीचे पाप कोणाचे?

भूमीला माता म्हणणाऱ्या समाजाने त्या मातेच्या प्रकृतीची चौकशी कितीदा केली, असे सांगली जिल्ह्यात विचारले तर उत्तर लाजिरवाणे येईल. या एकाच जिल्ह्यात पश्चिमेस शिराळ्याचे डोंगर व चांदोलीचे अरण्य, मध्ये कृष्णाकाठची काळीभोर बागायत आणि पूर्वेस जत-आटपाडीचे माळरान आहे. भूमीचा उपयोग बदलला की तिचा ऱ्हासही निराळे रूप घेतो, हे पाहण्यास याहून उत्तम प्रयोगशाळा शोधूनही सापडणार नाही.

वाळवा-मिरजेच्या बागायतीचा ऱ्हास समृद्धीच्या पोटातून आला. चिकण काळी माती, मंद निचरा, त्यावर वर्षभर ऊस आणि मोकाट पाणी. भूजल वर चढते, क्षार घेऊन पृष्ठभागी येते, पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे उरतात. आधी जमीन चिबड, मग क्षारपड, शेवटी चोपण. मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांवर गेले की कण विखुरतात आणि मग पाऊसही आत मुरत नाही. जिप्सम आणि जमिनीखालून सच्छिद्र नळ्यांचा निचरा हा उपाय ज्ञात आहे; पण त्या नळ्यांचे पाणी शेजाऱ्याच्या शेतातून नाल्यापर्यंत न्यावे लागते. एकट्याने ऊस लावता येतो, एकट्याने निचरा करता येत नाही. सहकाराचा डंका पिटणाऱ्या पुढाऱ्यांना गाळपाचे आकडे मुखोद्गत असतात. चोपण एकरांचे विचारावेत तर मौन.

युरियाची कथाही याच जातीची. २०१० साली पोषणद्रव्याधारित अनुदान आले, त्यातून युरिया मात्र वगळला गेला. तो स्वस्त राहिला, स्फुरद-पालाश महागले आणि पाचट पेटवून सेंद्रिय कर्बाची होळी करणाऱ्या शेतात युरियाची पोती रिकामी होत राहिली.

माळरानाचे दुखणे उलटे. तेथे पाणी साचत नाही, धावते; आणि जाताना हलकी, उथळ माती घेऊन जाते. गायरानावर अतिचराई, मुरुमाचे उत्खनन आणि अतिक्रमण. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे आदेश दिले. गावगाड्याच्या पुढाऱ्यांनी ते ऐकले न ऐकलेसे केले.

२०१५ मध्ये मृदा आरोग्य पत्रिका आली, हे स्वागतार्हच होते. बागायतीत अडीच आणि जिरायतीत दहा हेक्टरांमागे एक नमुना, बारा घटकांची तपासणी. परंतु मातीची खोली किती उरली, पाणी किती वेगाने मुरते, धूप किती झाली, हे त्या बारांत नाही. गायरानाला पत्रिका नाही, कारण त्याला खातेदार नाही! गावातल्या मातीने काय गमावले हे कळण्यासाठी त्याच जातीच्या, नांगर न लागलेल्या मातीशी तुलना हवी. काळ्या रानासाठी शिराळ्याच्या डोंगराची माती उपयोगाची नाही. त्याच शिवारातले देवस्थानाचे बन किंवा जुना रुंद बांध हवा. किती गावांत तो शिल्लक आहे?

हे सारे आज निकडीचे आहे, कारण म्हैसाळ व टेंभूचे उपसा पाणी पूर्व भागात पोहोचले आहे. पिढ्यान्‌पिढ्या तहानलेल्या माणसाला पाणी मिळालेच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण त्या पाण्याबरोबर ऊसही सखल काळ्या रानांत उतरला तर कृष्णाकाठचाच अध्याय तेथे पुन्हा लिहिला जाईल. मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था नागपुरात आहे, म्हणजे विद्येची वाण नाही. वाण आहे ती नकाशा पाहून निर्णय घेण्याची.

यात केवळ शासनाला दोष देऊन सुटका नाही. सातबाऱ्यावर नाव पुण्या-मुंबईतल्या नोकरदाराचे आणि शेत वाट्याने दिलेले, अशी कुटुंबे थोडी नाहीत. वर्षाकाठी खंड किंवा धान्याची पोती मोजून घेणाऱ्याने मातीचा नमुना कधी मागितला? पूर्व भागातील ग्रामसभांनी नव्या पाळीचे पाणी शेतात घेण्याआधी दोन गोष्टी लेखी नोंदवाव्यात: कोणत्या गटात किती खोलीवर मुरूम लागतो, आणि निचऱ्याचा नाला कोणाच्या बांधावरून जाणार.