तारेवरची कसरत : बिनबोलावलेला तानपुरा

गणपती तोंडावर आले की क्लेमेंटीतलं आमचं घर आमचं राहत नाही, तालमीचं होतं. टीपॉय बेडरूममध्ये जातं, सतरंजी पसरली जाते, आणि चहाचं आधण दिवसभर उतरत नाही. आम्ही इंजिनियर, त्यात परदेशातली मास्टर्स डिग्री. म्हणजे मंडळाच्या लेखी आम्ही हक्काचे वायरमन!

यंदा गाणाऱ्या वहिनींनी तानपुरा आणि ठेका लॅपटॉपवरून लावायचं ठरवलं. लॅपटॉपला यूएसबीने जोडलेली साउंडकार्डाची डबी, डबीतून वायर अ‍ॅम्प्लिफायरला, तिथून स्पीकर. वहिनींनी काळी चारचा सा लावला आणि थांबल्या.

"भावोजी, मागे कोण गुणगुणतंय?"

कोणीच गुणगुणत नव्हतं, स्पीकर घुमत होते. सिंगापूरची वीज २३० व्होल्टची, सेकंदाला ५० आवर्तनांची. तिची घरघर ५० वर आणि दुपटीने १०० वर ऐकू येते. आता पेटीवर बघा: खर्जातली पांढरी पाच सेकंदाला ९८ कंपनांची, काळी चार सुमारे १०४ ची. आमचा हा बिनबोलावलेला तानपुरा बरोबर मध्ये! ना पांढरीचा, ना काळीचा. सुरेल माणसाला याहून मोठा छळ नाही.

लॅपटॉपचा चार्जर काढला, घरघर गेली. लावला, परत हजर. चोर सापडला, पण तीन तासांचा कार्यक्रम बॅटरीवर निभणार कसा? तेवढ्यात एक मित्र म्हणाले, "सोपं आहे राव! अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगमधली हिरवी-पिवळी वायर काढून टाक. आम्ही कॉलेजात असंच करायचो."

घरघर खरंच गेली असती. पण कधीतरी माणूसही गेला असता. म्हणून हा लेख.

आधी घरघर येते कुठून ते पाहू. संगणकाच्या चार्जरमध्ये विजेची आणि संगणकाची बाजू वेगळी असते, पण गोंगाट दाबण्यासाठी मध्ये एक छोटा कपॅसिटर बसवतात. त्यातून थोडी वीज झिरपते. २.२ नॅनोफॅरडचा कपॅसिटर धरला तर २३० व्होल्टला ही गळती होते सुमारे ०.१६ मिलीअँपिअर. धातूच्या लॅपटॉपवरून हात फिरवताना मुंग्या आल्यासारखं वाटतं ना, ते हेच. चार्जर दोन पिनांचा असला तर या गळतीला अर्थिंगची वाट नसते, ती आवाजाच्या वायरीतून अ‍ॅम्प्लिफायरकडे निघते. आमचा चार्जर तीन पिनांचा होता. तिथे वेगळीच गंमत. लॅपटॉप आणि अ‍ॅम्प्लिफायर भिंतीतल्या अर्थिंगने जोडलेले, आणि आवाजाच्या वायरीवरच्या जाळीनेही जोडलेले. झालं वर्तुळ पूर्ण! त्यात प्रवाह फिरत राहतो. समजा १० मिलीअँपिअर फिरले आणि जाळीचा रोध दशांश ओहम असला, तर एक मिलीव्होल्ट तयार होतो. गाण्याचा संकेत साधारण एक व्होल्टचा, म्हणजे ही घरघर त्याच्या हजाराव्या भागाइतकी. कमी वाटते? आलापातल्या शांततेत स्वच्छ ऐकू येते.

वर्तुळ कुठेतरी तोडायला हवं हे मित्राचं खरं. प्रश्न एवढाच, कुठे? हिरवी-पिवळी वायर रोज काहीच करत नाही. आत फेजची तार सुटून अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीला टेकली, की त्या एका दिवसासाठी ती असते. वायर जागेवर असेल तर वीज तिच्यातून जाते आणि आरसीसीबी लगेच वीज तोडतो. वायर कापलेली असेल तर पेटी जिवंत होऊन बसते, आणि वीज वाट बघते कोणीतरी हात लावण्याची. सिंगापूरमध्ये जुलै १९८५ नंतरच्या घरांत आरसीसीबी असतोच, आणि जुन्या घरांनाही तो बसवण्याची मुदत १ जुलै २०२५ ला संपली. पण अर्थिंग नसेल तर तो उडणार माणसाला झटका बसल्यावर, आधी नाही!

म्हणून तोडायचं ते संकेताच्या वाटेवर. आणि संकेत जिथे आकड्यांत असतो तिथे तोडणं सगळ्यात सोपं, म्हणजे लॅपटॉप आणि साउंडकार्डाच्या डबीच्या मध्ये. तिथे बसतो डिजिटल आयसोलेटर. गिरगावातल्या दोन चाळी आठवा. या गॅलरीतून त्या गॅलरीत निरोप ओरडून जातो, माणूस कोणी बोळ ओलांडत नाही. आयसोलेटरच्या चिपमध्ये दोन चिमुकली वेटोळी समोरासमोर असतात, मध्ये केसाहून पातळ पण हजारो व्होल्ट सोसणारा प्लॅस्टिकचा पडदा. (काहींत वेटोळ्यांऐवजी कपॅसिटर असतात. जुन्या पद्धतीत दिवा आणि प्रकाश ओळखणारा डोळा असे.) शून्य-एकचे झपाट्याचे ठोके चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे उमटतात, ५० आवर्तनांची संथ गळती जवळजवळ अडून राहते. दोन बाजूंमध्ये उरते फक्त काही पिकोफॅरडची जवळीक, चार्जरमधल्या कपॅसिटरच्या जवळपास हजाराव्या हिश्शाची. शिवाय आकडा थोडा थरथरला तरी एक तो एकच राहतो. उलट अ‍ॅम्प्लिफायरच्या वायरीत प्रत्येक मिलीव्होल्ट गाण्यात मिसळतो.

संगणकाला गळा देण्यात या गावाचा वाटा मोठा. सिम वोंग हू यांनी १९८१ साली इथे क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजी काढली, आणि १९८९ च्या त्यांच्या साउंड ब्लास्टरने घराघरातले संगणक बोलके केले. सिम २०२३ साली गेले. त्याच गावातल्या सिम लिम टॉवरमधून आम्ही ही आगपेटीएवढी डबी आणली आणि वहिनींना पुन्हा सा लावायला सांगितलं. मागे कोणी गुणगुणलं नाही.

घ्यायची झाली तर दोन गोष्टी बघा. एक, डबीतून पलीकडे जाणारी वीजही विलग केलेली हवी, नाहीतर दार लावून खिडकी उघडी ठेवल्यासारखं होईल. दोन, वेग. जुन्या स्वस्त डबीचा वेग सेकंदाला १२ मेगाबिट असतो. सीडीच्या दर्जाच्या दोन चॅनलना १.४ मेगाबिट पुरतात, पण बऱ्याच चॅनलच्या मोठ्या डबीला वेगवान आयसोलेटर लागतो. पैसे खर्चण्याआधी लॅपटॉप आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावून बघा, पुष्कळदा तेवढ्यानेही भागतं. अ‍ॅम्प्लिफायरला प्रकाशाच्या तारेची सोय असेल तर उत्तमच, काचेतून किंवा प्लॅस्टिकमधून वीज वाहत नाही.

आमचे मित्र अजून म्हणतात, "एका वायरीचं काम होतं." खरं आहे. ती वायर आम्ही जागेवर ठेवली आहे.