प्रत्येक हाताला काहीतरी लागले पाहिजे

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीची बैठक झाली. विषय एकच, तिसरी-चौथीची सहल. भिवंडीतली ही उर्दू प्राथमिक शाळा. पालक बहुतेक यंत्रमागावर काम करणारे, काही रिक्षा चालवणारे, काही हातगाडीवाले. कुणीतरी वॉटर पार्क सुचवले. मुख्याध्यापिका मॅडमनी वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राचे नाव घेतले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही बरे वाटले. मग कार्यक्रमाचा कागद वाचला गेला. सकाळी विज्ञान केंद्र, दुपारी गेट वे ऑफ इंडिया, संध्याकाळी जुहू चौपाटी, रात्री नऊला परत. मी विचारले, "विज्ञान केंद्राला किती वेळ?" उत्तर आले, "दीड तास. बस्स झाला की!"

गेल्या वर्षीही शाळेने अशीच एक सहल नेली होती. माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती. घरी आल्यावर विचारले, काय पाहिलेस? तिने बसमधले वेफर्स सांगितले, गाणी सांगितली. मग म्हणाली, "अब्बू, तिथे एक मोठी थाळी होती. त्यात तोंड घालून बोलले की लांबच्या दुसऱ्या थाळीत ऐकू येते. पण माझा नंबर आलाच नाही. सर म्हणाले, रांग सोडू नका, पुढे चला."

ही थाळी जगातल्या बऱ्याच विज्ञान केंद्रांत असते. दोन खोलगट तबकड्या समोरासमोर, बऱ्याच अंतरावर उभ्या असतात. एकीजवळ हळू बोलले की आवाज तिच्यावर आपटून सरळ दुसरीकडे जातो आणि तिथे एका जागी गोळा होतो. तिथे कान लावणाऱ्याला कुजबुजही ऐकू येते. गंमत अशी की ही वस्तू नुसती बघून काहीच कळत नाही. तिला दोन मुले लागतात, थोडी शांतता लागते आणि दोन मिनिटे लागतात. ऐंशी मुले एकामागून एक तिच्यासमोरून चालत गेली तर ती फक्त एक मोठी थाळी असते.

हिशेब साधा आहे. ऐंशी मुलांच्या चाळीस जोड्या. एका जोडीला दोन मिनिटे धरली तरी एकट्या थाळीला ऐंशी मिनिटे लागतात. आपला दीड तास तिथेच संपला!

अशी केंद्रे उभी राहिली तीच मुळी "हात लावू नका" या पाटीला कंटाळून. सॅन फ्रान्सिस्कोचे एक्स्प्लोरेटोरियम १९६९ मध्ये फ्रँक ओपेनहायमर यांनी सुरू केले. अणुबॉम्बवाल्या रॉबर्ट ओपेनहायमर यांचे हे धाकटे भाऊ. कम्युनिस्ट असल्याचा ठपका आला, विद्यापीठाची नोकरी गेली. काही वर्षे त्यांनी गुरे पाळली आणि मग कोलोरॅडोतल्या एका लहान गावात शाळेत विज्ञान शिकवले. त्यांनी पुढे जे केंद्र उभारले, तिथे वस्तू काचेत ठेवलेल्या नव्हत्या. त्या फिरवायच्या, ढकलायच्या, बिघडल्या तर दुरुस्त करायच्या. वरळीच्या आपल्या केंद्रातही आधी मुलांसाठी खुल्या मैदानातले विज्ञान उद्यान आले, १९७९ मध्ये. मोठी इमारत लोकांसाठी खुली झाली ती १९८५ मध्ये. आधी खेळायची जागा, मग दालने. आपण मात्र मुलांना तिथे नेऊन पुन्हा रांगेतच उभे करतो.

मुख्याध्यापिका मॅडमचे म्हणणे खोटे नाही. पालक पैसे देतात, त्यांना वाटते मुलाने मुंबई पाहावी. एखादे मूल हरवले तर जबाबदारी कुणाची? आपले प्राथमिक शिक्षक मतदार याद्या करतात, जनगणना करतात, खिचडीचा हिशेब ठेवतात. त्यात चार शिक्षकांनी ऐंशी मुले सांभाळायची, तर रांग हाच त्यांचा एकमेव आधार असतो. म्हणून रांग मोडायची असेल तर फक्त शिक्षकांना उपदेश करून भागणार नाही. आपल्याला सोबत जावे लागेल.

माझी सूचना अशी. चौपाटी आणि गेट वे या वेळी सोडून द्या. समुद्र कुठे पळून जात नाही. ऐंशी मुलांचे आठ-आठचे दहा गट करा. प्रत्येक गटाबरोबर एक मोठे माणूस. चार शिक्षक, सहा पालक. आठवडाभर आधी दोन शिक्षकांनी केंद्रात जाऊन यावे आणि पाचच वस्तू निवडाव्यात. पाणी, स्वच्छतागृह, डबा खायची जागा तेव्हाच पाहून ठेवावी. शाळांच्या गटासाठी तिकिटाची सवलत त्याच वेळी विचारावी. मग प्रत्येक गट अर्धा अर्धा तास एकेका वस्तूपाशी थांबेल. गट वेगवेगळ्या ठिकाणी असल्यामुळे गर्दी होणार नाही. आठ मुलांच्या चार जोड्या, थाळीपाशी आठ मिनिटांत सगळ्यांचा नंबर लागेल आणि "परत एकदा" म्हणायलाही वेळ उरेल. मूल खरे शिकते ते त्या दुसऱ्या वेळेला.

आणि कृपा करून हातात वही-पेन देऊ नका. फलक उतरवून घेण्यात तिसरीच्या मुलाचा सगळा वेळ जातो. त्यापेक्षा निघण्याआधी वर्गात एक प्रश्न द्या आणि आल्यावर त्यावर बोला.

आता जे बैठकीत कुणी बोलले नाही ते. गेल्या वर्षी माझ्या मुलीच्या बाकावरची मैत्रीण सहलीला आली नव्हती. तिच्यासारखी आणखीही काही मुले नव्हती. दोन प्रकारची. ज्यांच्या घरी कापडाच्या मीटरवर मजुरी मिळते आणि त्या महिन्यात माग बंद होते, ती. आणि मुली. पैशाचे कारण सगळे सांगतात, मुलींचे कुणी सांगत नाही. "रात्री नऊला परत" हे तीन शब्द ऐकले की अनेक घरांत मुलीची सहल तिथेच संपते. बाप वाईट असतो असे नाही, त्याला काळजी असते. मग त्या काळजीला उत्तर द्या ना! सकाळी साडेसातला निघून, एकाच ठिकाणी थांबून, मगरिबच्या आधी परत येता येते. सोबतच्या सहा पालकांत चार आया असू द्या. त्यातल्या कित्येकींनी असे केंद्र स्वतःही पाहिलेले नसेल. शिक्षण हक्क कायद्याने समितीत तीन चतुर्थांश पालक ठेवले आहेत आणि एकूण जागांपैकी निम्म्या स्त्रियांना दिल्या आहेत, ते केवळ सह्या करायला नाही.

पैशांचे म्हणाल तर दोन ठिकाणे वगळली की बसचे भाडे आणि बाहेरचे खाणे कमी होते. उरलेली तूट मोहल्ल्याने भरावी. जलशाच्या मंडपासाठी, कव्वालीसाठी आपल्याकडे वर्गणी जमते, मग एका बससाठी का जमू नये? फक्त फी न भरलेल्यांची नावे वर्गात वाचू नका. ज्या मुलाने आपले नाव असे ऐकले, त्याला फुकट नेले तरी त्याची सहल आधीच खराब झालेली असते.

आपल्या सभांत इब्न अल-हैसमचे नाव मोठ्या अभिमानाने घेतले जाते. घ्यावेच. पण त्याने काय केले? अंधाऱ्या खोलीला एक छिद्र, बाहेर काही दिवे. आत भिंतीवर दिव्यागणिक एकेक ठिपका. एक दिवा झाकला की नेमका त्याचाच ठिपका जायचा. उजेड सरळ रेषेत चालतो आणि एकमेकांत मिसळून जात नाही, हे त्याने असे हाताने करून पाहिले. सहलीनंतरच्या आठवड्यात हेच वर्गात करता येते. बुटाचा रिकामा खोका, एका बाजूला सुईचे छिद्र, समोरच्या बाजूला बटर पेपर. छिद्र उन्हातल्या झाडाकडे धरले की कागदावर उलटे झाड दिसते. जे मूल काही कारणाने सहलीला येऊ शकले नाही, त्याच्या हातात तो खोका पहिल्यांदा द्या.

येत्या शनिवारी समिती पुन्हा बसणार आहे. मी हा कागद घेऊन जाणार आहे, सोबत जाणाऱ्या पालकांत माझे नावही लिहून. तुमच्या मुलाच्या शाळेतून सहलीची चिठ्ठी आली तर फी किती हे विचाराच. पण आणखी दोन प्रश्न विचारा. तिथे मुलांना हात लावायला किती वेळ मिळणार आहे? आणि वर्गातले कोण येणार नाही?